बेतताना थोडी माया सोडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे लागोपाठ दोन आठवडे दोन मतं वाचली. सुपरहिरोंच्या सिनेमांचे दिवस आता भरले, हे एक. पुस्तकावरून काढलेला सिनेमा पुस्तकाच्या पासंगालाही पुरत नाही, हे दुसरं. लिहिणारी दोघंही जाणकार आहेत. मी इचलकरंजीत शाळेचे गणवेश शिवते. माझं सिनेमा बघणं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तेही बहुतेक वेळा नातवासोबत. तरी ही दोन्ही मतं मला पटली नाहीत. का पटली नाहीत ते मला माझ्या कामाच्या भाषेतच सांगता येईल, म्हणून पत्र थोडं लांबणार आहे.

२०२५च्या जुलैत नातवाला घेऊन कोल्हापूरला ‘सुपरमॅन’ बघायला गेले. हिंदीतला दुपारचा खेळ होता. सुपरमॅन पडद्यावर आला आणि माझी नजर आधी गेली त्याच्या कमरेकडे. कापडाला सुरकुत्या होत्या! वाकला की पोटावर चुणी पडत होती, हात वर केला की मुंढ्यापाशी ओढ येत होती. अंगावर खरोखर चढवलेला, कुणीतरी माप घेऊन बेतलेला पोशाख होता तो. मला फार बरं वाटलं. वरून घालायची लाल चड्डीही परत आलीय. २०१३च्या सिनेमात ती काढून टाकली होती आणि पोशाख काळपट निळा केला होता. आताचे दिग्दर्शक जेम्स गन यांचंही आधी ठरत नव्हतं म्हणे. मग सुपरमॅन झालेल्या डेव्हिड कोरेनस्वेट या नटानं त्यांना पटवलं, की इतकी ताकद असलेल्या माणसाला बघून लहान मुलं घाबरू नयेत असं सुपरमॅनला वाटणार, म्हणून तो पैलवानासारखा भडक रंगाचा पोशाख घालणार. हे मला माझ्या लेकीनं सांगितलं. ती पुण्यात असते, इंग्रजी वाचते, आणि सिनेमा बघून आले की मी तिला फोन करते.

कपड्याचा विचार करणाऱ्या माणसानं गोष्टीचाही तसाच विचार केला होता. मोठा राक्षस शहर तुडवत असताना हा सुपरमॅन मध्येच एक खार उचलून बाजूला नेऊन ठेवतो. नातू टाळ्या वाजवत हसला. मग तो फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे वडे विकणारा गाडीवाला. सुपरमॅन आपटून रस्त्यात खड्डा पडतो, तेव्हा हा साधा माणूस धावत येतो आणि हात देऊन त्याला उठवतो. दोघांची ओळख आहे, सुपरमॅन त्याच्याकडचं खातो. पुढं खलनायक त्या गाडीवाल्याला सुपरमॅनच्या डोळ्यांसमोर गोळी घालतो, केवळ सुपरमॅननं तोंड उघडावं म्हणून. नातवानं माझा दंड गच्च धरला. त्याआधी कितीतरी इमारती कोसळल्या होत्या, तेव्हा त्यानं पॉपकॉर्न खाणंही थांबवलं नव्हतं. एका खोलीत सुपरमॅन आणि त्याची मैत्रीण लोइस नुसती बोलत बसतात, असा एक लांब प्रसंगही आहे. ती पत्रकार, तो मुलाखत द्यायला बसलेला. तू परक्या देशाच्या युद्धात कुणाला विचारून पडलास, असं ती विचारते आणि त्याला धड उत्तर देता येत नाही. इतका वेळ दोन माणसांना बोलू देणारा सुपरहिरोचा सिनेमा मी तरी आधी बघितला नव्हता.

याच सिनेमातलं ३३ सेकंदांचं चुंबन आपल्या सेन्सॉर बोर्डानं कापायला लावल्याच्या बातम्या आल्या होत्या. कापावं की नाही यावर मोठी माणसं बोलतील. मला एवढंच दिसलं, की त्या जागी सिनेमा दचकतो. कापड कापलं की कड दुमडून टीप मारावी लागते, नाहीतर दोरे लोंबतात. तिथं दोरे लोंबत होते.

आता माया म्हणजे काय ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच आहे. गणवेश बेतताना आम्ही मापापेक्षा थोडं जास्त कापड शिलाईच्या आत दाबून ठेवतो. तिला माया म्हणतात. पोरगं वाढतं, मग टीप उसवून तेवढं सैल करायचं. जूनमध्ये शिवलेली पँट फेब्रुवारीत घोट्याच्या वर जाते, तेव्हा आया ती घेऊन माझ्याकडे येतात आणि आत माया असेल तर वर्ष निघतं. तयार कपड्यांत हल्ली ती नसतेच. कापड वाचवायला अगदी काठोकाठ बेतलेलं असतं. दिसायला नीटस, पण पहिल्यांदा उकिडवं बसलं की आसनात उसवतं.

सुपरहिरोंचे जे सिनेमे लोकांना नकोसे झालेत ते असे काठोकाठ बेतलेले आहेत. ‘कॅप्टन अमेरिका’चा २०२५चा सिनेमा घ्या. त्यात अमेरिकेचा म्हातारा राष्ट्राध्यक्ष लाल राक्षस होतो आणि व्हाइट हाऊसची मोडतोड करतो. हॅरिसन फोर्डनं ते काम केलंय. त्या म्हाताऱ्याला सगळ्या सिनेमाभर एकच गोष्ट हवी असते. लेक बोलत नाही, ती भेटावी. केवढी मोठी गोष्ट आहे ही! शेवटी ती तुरुंगात भेटायला येते, दोन शब्द बोलतात, संपलं. तिथं दहा मिनिटं दिली असती तर मी तो सिनेमा जन्मभर विसरले नसते. दिली नाहीत, कारण पुढच्या-मागच्या सिनेमांचे दुवे जोडायचे होते. २०१९च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये सगळे वीर पांढरे पोशाख घालून काळात मागे जातात. ते पोशाख कुणी शिवलेच नव्हते. नटांच्या अंगावर नंतर संगणकानं चढवले. लेकीनं हे सांगितलं त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. सिनेमा चांगला होता, मी रडलेही. पण इतक्या मोठ्या प्रसंगाला एकाही शिंप्याचा हात लागला नाही.

आणि वाईट का वाटलं, तर हे सगळे वीर मुळात शिंप्यांच्या घरातले आहेत.

हे मला अलीकडेच कळलं. सुपरमॅन निर्माण केला जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी. १९३८ साली तो पहिल्यांदा चित्रकथेत छापून आला. शुस्टर चित्रं काढायचा. त्याचे वडील शिंपी, टोरांटोत त्यांचं दुकान होतं. सीगल लिहायचा. त्याच्या वडिलांचं क्लीव्हलंडला कपड्यांचं दुकान. १९३२ साली त्या दुकानात चोर शिरले आणि त्या झटापटीत वडील कोसळून गेले. जेरी तेव्हा सतरा वर्षांचा होता. ज्या पोराचा बाप असा गेला, त्यानं चोरांना अडवणारा, कशानंही न कोसळणारा माणूस कल्पावा, हे मला अगदी समजतं. ‘फँटॅस्टिक फोर’ ही चौघा सुपरहिरोंची चित्रकथा काढणारे स्टॅन ली आणि जॅक कर्बी हेही असेच. लींचे वडील बायकांचे कपडे बेतणारे कटर होते, मंदीच्या काळात काम मिळेना म्हणून घर हलाखीत. कर्बींचे वडील न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यात कामगार. चौघंही युरोपातून तिकडं आलेल्या ज्यू कुटुंबांतले. दिवसभर सुई-दोरा, कात्री आणि चिंध्या बघत वाढलेल्या पोरांनी अंगाला घट्ट बसणारे रंगीत पोशाख कागदावर चढवले.

सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला लिहून दिले होते. दोघांत मिळून १३०. पुढं कोर्टात गेले तर त्यांचं नावही छापायचं बंद झालं. १९७५ सालच्या शेवटी, सुपरमॅनचा मोठा सिनेमा निघणार होता तेव्हा, कंपनीनं त्यांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन दिलं आणि नाव परत लावलं. म्हातारपणी. आमच्या गावात नगावर मजुरी घेऊन शिवणाऱ्या शेकडो बायका आहेत. त्यांना ही गोष्ट दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी आमच्या गल्लीतल्या चौघींना सांगितली, तेव्हा एकीनं हातातलं काम खाली ठेवलं.

‘फँटॅस्टिक फोर’चा नवा सिनेमा त्याच जुलैत आला. त्यातल्या गरोदर नायिकेच्या मापाचा अंतराळातला पोशाख कुणीतरी प्रेमानं बेतलाय, तेवढं मला आवडलं. पृथ्वी गिळायला आलेला राक्षस नेहमीचाच.

मनापासून सांगायचं तर मी बघितलेला सगळ्यात चांगला सुपरहिरो अमेरिकेतला नाहीच. तो केरळचा आहे आणि शिंपी आहे. ‘मिन्नल मुरली’ २०२१च्या नाताळात नेटफ्लिक्सवर आला, हिंदीतही आहे. बेसिल जोसेफ यांनी तो काढला. लहान गाव, गावातला तरुण शिंपी जेसन, त्याला कधी एकदा अमेरिकेला जातो असं झालेलं. एका रात्री त्याच्यावर वीज पडते आणि अंगात ताकद येते. पण तीच वीज त्याच रात्री गावातल्या दुसऱ्या एका माणसावरही पडते. तो शिबू. चहाच्या दुकानात काम करणारा, गावानं वेडा ठरवलेला. उषा नावाच्या बाईवर त्याचं कितीतरी वर्षांपासून प्रेम. तिच्या मुलीच्या औषधपाण्यासाठी तो बँक लुटतो. हा त्या सिनेमातला खलनायक! गुरु सोमसुंदरम या नटानं शिबू केलाय. ज्या प्रसंगात तिनं हो म्हटल्यावर तो हसता हसता रडायला लागतो, तिथं मी मशीन थांबवून बसले होते. मी काम करता करता मोबाइल समोर ठेवून बघत होते, ते त्यानंतर जमलं नाही. अख्खं गाव शिबूला कधीच नीट वागवत नाही, आणि मग एक दिवस ते गाव पेटतं. वीज दोघांवर सारखीच पडली. एकाला घर होतं, दुसऱ्याला नव्हतं. हे सांगायला त्या सिनेमानं वेळ घेतला. सुपरहिरोंचे दिवस भरले म्हणणाऱ्यांनी तो आधी बघावा.

आता पुस्तकांकडे येते.

पुस्तक बरं की सिनेमा, हा प्रश्नच मला कळत नाही. आजीच्या नऊवारीचं नातीला परकर-पोलकं शिवतात, तेव्हा साडी बरी होती की पोलकं, असं कुणी विचारत नाही. जरीचा काठ कुठं घेतला आणि विरलेला भाग कसा टाळला, ते बघतात. कापणं आलंच. कुठं कापलं, एवढंच विचारायचं.

हॅरी पॉटर मी मराठीतून वाचला. वाचनालयातून आणलेला पहिला भाग, ‘हॅरी पॉटर आणि परीस’. त्यात जादूच्या शाळेत लागणाऱ्या सामानाची यादी येते. साधे काळे झगे तीन, एक टोकदार काळी टोपी, हातमोजे, थंडीचा अंगरखा. ती यादी मी दोनदा वाचली, आणि कापड किती लागेल त्याचा हिशेबही केला. सिनेमात मात्र पोरांच्या अंगावर झग्याच्या आत करड्या रंगाचे स्वेटर आणि शाळेतल्या त्या त्या गटाच्या रंगाचे टाय दिसले. पुस्तकातल्या यादीत ते नाहीत. पण बघा, आज जगातलं कुठलंही पोर हॅरी पॉटर म्हणून ते पट्ट्यांचे टायच ओळखतं. पहिल्या सिनेमाचे ते कपडे ज्युडियाना मॅकोव्हस्की या बाईंनी केले होते. आणि ज्या सुरकुत्यांवरून मी हे पत्र सुरू केलं, तो सुपरमॅनचा पोशाखही त्यांचाच. हे कळल्यावर मी लेकीला दुसऱ्यांदा फोन केला.

‘ड्यून’ मी वाचलेलं नाही. १९६५चं जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे, लेकीनं वाचलंय. डेनी व्हिलनव्ह यांनी त्याचे दोन सिनेमे केले, २०२१ आणि २०२४. दुसरा आम्ही दोघींनी मिळून बघितला. वाळवंटातली माणसं अंगाचा घाम गाळून पुन्हा पाणी करणारा पोशाख घालतात, ती कल्पना मूळ पुस्तकातली. सिनेमात त्याचे पट्टे आवळताना, नाकाशी नळी लावताना दाखवलंय, म्हणजे तो पोशाख वापरातला वाटतो. पण मला सांगायचंय ते नायकाच्या प्रेयसीबद्दल, चानीबद्दल. लेक म्हणाली, पुस्तकातली चानी नायकाच्या सोबत शेवटपर्यंत राहते. सिनेमातल्या चानीला त्याचं देव होणं मान्य नाही, आणि शेवटी ती एकटी निघून जाते. पुस्तकातली नायकाची धाकटी बहीण चिमुरडी असून राक्षसी सरदाराला मारते, सिनेमात ती अजून आईच्या पोटातच आहे. एवढे बदल! तरी लेक म्हणाली, पुस्तकाला जे म्हणायचं होतं ते यात जास्त स्पष्ट झालं. लोक एखाद्याच्या मागं आंधळेपणानं गेले की काय होतं, ते चानीच्या चेहऱ्यावर दिसतं. हे बेतणं मला पटतं.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ मी तीन वेळा वाचलीय. सुजय डहाके यांचा सिनेमा आला तेव्हा भीत भीत गेले होते, कारण पुस्तक सगळं शाळकरी जोशीच्या मनात चालतं. आणीबाणीतलं ते गाव, ती टोळी, त्याला आवडणारी शिरोडकर. मनातलं सगळं बोलून दाखवायचं म्हटलं असतं तर सिनेमा बडबडा झाला असता. डहाक्यांनी मुलाला नुसतं बघू दिलं. तो वर्गात बसून तिच्याकडे बघतो, आणि जे दहा पानांत होतं ते तिथं येतं. दोन तासांच्या आत सिनेमा संपतो. पुस्तकातलं कितीतरी त्यात नाही, पण जे नाही त्याला जागा ठेवलीय.

‘छावा’वर लिहिताना हात जपून चालतो. शिवाजी सावंतांची कादंबरी माझ्या वडिलांच्या उशाशी असायची. सिनेमा २०२५च्या फेब्रुवारीत बघितला. थिएटरात बायका-पुरुष हमसून रडत होते, मीही रडले. विकी कौशलनं जीव ओतलाय. पण रडून बाहेर आल्यावर मला वडिलांचं ते जाड पुस्तक आठवलं. त्यात महाराजांचं सारं आयुष्य आहे, बालपण आहे, आग्रा आहे. सिनेमा बुऱ्हाणपूरच्या स्वारीपासून सुरू होतो, आणि शेवटाकडे छळ फार वेळ चालतो. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ ज्यांच्या नावावर आहे, ते लिहिणारे महाराज कवी कलशांसोबतच्या काव्याच्या देवाणघेवाणीत थोडे भेटतात, तेवढेच. आणि येसूबाई! ‘श्री सखी राज्ञी जयति’ असा शिक्का ज्यांना महाराजांनी दिला, महाराजांनंतर रायगडावर ज्या उभ्या राहिल्या, राजाराम महाराजांना गडाबाहेर काढून स्वतः मागं थांबल्या आणि मग १७१९पर्यंत मोगलांच्या कैदेत राहिल्या, त्या बाईंच्या वाट्याला ओवाळणं आणि वाट बघणं फार आलंय. एवढं भरजरी कापड हाताशी असताना ते का वापरलं नाही, हे मला आजही टोचतं.

अजून एक मागणं आहे. हे मोठे इंग्रजी सिनेमे आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगूत लागतात. मराठीत का नाहीत? सहा-सात वर्षांच्या पोरांना पडद्यावरच्या पाट्या वाचता येत नाहीत, हिंदी अर्धं कळतं. ‘सुपरमॅन’मधला तो गाडीवाला मराठीत बोलला असता तर? केरळच्या लोकांनी तर स्वतःच्या लोककथेतल्या नीली नावाच्या यक्षिणीवरून २०२५ साली ‘लोका’ हा सुपरहिरो सिनेमा केला. जिला कथांमध्ये मांत्रिकानं बांधून घातलं, तिलाच नायिका केलं. आमच्याकडे आसरा आहेत, जखिणी आहेत, खंडोबाची बानू आहे. निदान तोवर ‘आज पडद्यावर’ या सदरात खेळाची वेळ छापता तशी भाषाही छापत जा. इंग्रजी खेळाचं तिकीट काढून नातवाला अर्ध्यातून बाहेर आणावं लागलंय मला.

सध्या रात्री जेवणं झाल्यावर नातवाला भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ वाचून दाखवते. २०१७चा सिनेमा त्यानं आधी बघितला. त्यात फेणे मोठा झालाय, डॉक्टरकीच्या परीक्षेला पुण्यात येतो. पुस्तकातला फुरसुंगीचा बन्या आपल्याच वयाचा आहे हे कळल्यावर नातू एकदम उठून बसला. अंगात कसलीही ताकद नाही, पोशाख नाही, सायकल आणि तोंडानं ‘टॉक्क’ आवाज. वीस पुस्तकांपैकी आमच्या वाचनालयात सातच शिल्लक आहेत, त्यातल्या दोघांची शेवटची पानं गेलीत. जुन्या चित्रांसकट बाकीची तेरा कुणा वाचकाकडे असतील आणि वाचायला देण्याची तयारी असेल तर आपल्या सदरातून कळवावं. पुस्तकं नीट खाकी कव्हर घालून, महिन्याच्या आत परत करीन.

आपली,
एक वाचक
इचलकरंजी